सीएमएस निवडायचा कसा? आधी लिहिणारं माणूस शोधा

‘वेबसाइट वर्डप्रेसमध्ये करायची का दुसऱ्या कशात?’ हा प्रश्न घेऊन माणसं आली की मी उलट विचारतो, ‘मंगळवारी व्याख्यान संपलं, तर बुधवारी सकाळी त्याचे फोटो कोण चढवणार?’ एकदम शांतता. मग कुणीतरी चाचरत म्हणतं, ‘माझा भाचा आहे ना, इंजिनिअरिंगला.’

भाचा पुढच्या वर्षी बंगळूरला जातो आणि साइटच्या पहिल्या पानावर तीन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानमालेचं निमंत्रण तसंच लटकत राहतं. यात सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो. निवडीची सुरुवात चुकीच्या टोकापासून झालेली असते, एवढंच.

सीएमएस (कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम) म्हणजे साइटवरचा मजकूर, फोटो आणि पानं सांभाळणारी यंत्रणा. लॉगिन करायचं, चौकटीत लिहायचं, ‘प्रकाशित करा’ दाबायचं. पानाची मांडणी, यादी, शोध, जुन्या मजकुराची साठवण ती बघते. पर्याय शेकडो आहेत, वर्डप्रेस त्यातलाच एक. आपण एकच उदाहरण धरून चालू: तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. ग्रंथपाल बाई, एक लिपिक, हौशी कार्यकारिणी आणि मोजकं बजेट. तुमची पतसंस्था असो, कोकणातलं होमस्टे असो किंवा दिवाळी अंक, हिशोब थोड्या फरकाने हाच.

पहिलं काम: कागद-पेन

कुठलाही डेमो बघायच्या आधी एका कागदावर हे लिहून काढा. मजकूर कोण टाकणार, नावानिशी. त्यांच्याकडे संगणक आहे की फक्त मोबाइल. आठवड्यातून किती वेळा काही नवं येणार. भाषा एक की दोन. पैसे घ्यायचेत का: वर्गणी, देणगी, अंकाची विक्री. आणि बिघडलं तर फोन कुणाला करायचा.

‘कोण टाकणार’च्या पुढे नाव लिहिता येत नसेल, तर तिथेच थांबा आणि आधी माणूस ठरवा. मी एकदा हे न करता, केवळ सोयींच्या यादीवर भाळून, एका छोट्या संस्थेला ड्रुपल या सीएमएसमध्ये साइट करून दिली होती. परवानग्यांचे पाच स्तर, मजकुराचे आठ प्रकार, सगळं चोख. वर्षभरात त्यावर तीन बातम्या आल्या, त्यातल्या दोन मीच टाकल्या होत्या. चूक माझीच. गावात दूध घालायला ट्रक घेऊन दिला होता मी.

दुसरं काम: मजकुराची मोजदाद

आता साइटवर काय काय जाणार त्याची यादी. वाचनालयाच्या बाबतीत: संस्थेची माहिती, वेळा आणि नियम, कार्यक्रमांच्या बातम्या, फोटो, वार्षिक अहवालाच्या पीडीएफ, सभासद अर्ज. इथपर्यंत सोपं. मग हमखास एक सभासद हात वर करतो, ‘आणि आपली वीस हजार पुस्तकं पण शोधता आली पाहिजेत.’

इथे सावध. पुस्तकांची सूची, देवघेव, सभासदांची थकबाकी हे सीएमएसचं काम नाही. त्यासाठी ग्रंथालयाची वेगळी सॉफ्टवेअर असतात. ‘कोहा’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात वापरात आलं आणि आज जगभर चालतं. आपल्याकडे एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ‘ई-ग्रंथालय’ आहे. साइटवरून तिकडे एक दुवा दिला की झालं. हाच नियम इतरांनाही लागू. होमस्टेच्या खोल्यांचं बुकिंग, पतसंस्थेची खाती, शाळेची हजेरी: ज्यात व्यवहार आणि नोंदवही आहे ते सीएमएसच्या गळ्यात बांधू नका. प्लगिन (सीएमएसला वरून जोडायचा जादा सोयीचा तुकडा) मिळतं म्हणून ते करावंच असं नाही.

उलट टोकही तपासा. पाच पानं आहेत आणि ती वर्षातून दोनदा बदलणार आहेत, तर सीएमएस हवाच कशाला? साधी एचटीएमएलची पानं किंवा ह्यूगो, जेकिल यांसारख्या साधनांनी बनवलेली स्थिर साइट पुरते. तिच्यात डेटाबेस नाही, त्यामुळे फोडायला फारसं काही नाही, आणि वर्षानुवर्षं हात न लावता ती उभी राहते. फक्त बदल करायला जाणकार लागतो. वर्षातून दोनदा तेवढा जाणकार गाठता येतो.

भाड्याचं घर की स्वतःचं?

सीएमएसचे दोन मोठे गट. एकात सगळं कंपनीच्या जागेत असतं: विक्स, स्क्वेअरस्पेस, दुकानासाठी शॉपिफाय, गुगलचं ब्लॉगर. पैसे भरा (ब्लॉगरला तेही नकोत), अपडेट आणि सुरक्षा ते बघतात. दुसऱ्यात सॉफ्टवेअर आपण आपल्या होस्टिंगवर (साइट ठेवायला घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेत) बसवतो: वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला. सॉफ्टवेअर फुकट, पण झाडलोट आपली.

वर्डप्रेसच्या नावाचा घोळ इथेच होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर उतरवून आपल्या होस्टिंगवर बसवता येतं, तर वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी, ऑटोमॅटिक कंपनीची भाड्याची सेवा. ‘वर्डप्रेस फुकट असतं म्हणे’ आणि ‘वर्डप्रेसने पैसे मागितले’ ही दोन्ही वाक्यं खरी असतात, फक्त वेगवेगळ्या घरांबद्दल.

भाड्याच्या घराला नाकं मुरडणारे बरेच आहेत. मी नाही. ज्या संस्थेत तांत्रिक माणूसच नाही तिथे कुलूप कंपनीने सांभाळलेलं बरं. पण भाडेकराराचं कलम वाचा. विक्सवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. मजकूर पान-पान करून काढावा लागतो. वीस पानं असतील तर एका रविवारचं काम, दोन हजार असतील तर नोकरीच.

उमेदवार कोण कोण

वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं. आज जगातल्या दर दहा साइटपैकी चारांहून जास्त त्यावर चालतात. याचा खरा फायदा सोयींत नाही, माणसांत आहे: साताऱ्यात, लातूरमध्ये, पणजीत कुठेही वर्डप्रेस येणारा माणूस सापडतो. डॅशबोर्ड मराठीत करता येतो. तोटाही त्याच लोकप्रियतेतून येतो. चोरांनाही हेच कुलूप पाठ असतं, आणि बहुतेक वेळा ते शिरतात ते जुनाट प्लगिनच्या खिडकीतून.

ड्रुपल २००१ सालचं, बेल्जियमच्या ड्रीस ब्युटार्टचं. मजकुराचे प्रकार गुंतागुंतीचे असतील, चार भाषा असतील, विद्यापीठासारखा पसारा असेल, तर त्याला तोड नाही. २०१५ अखेर आलेल्या आठव्या आवृत्तीपासून अनेक भाषांची सोय त्याच्या गाभ्यातच आहे. वर्डप्रेसमध्ये तीच पॉलीलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारख्या प्लगिनने बसवावी लागते. पण ड्रुपल शिकलेला माणूस दिवसाला जे पैसे घेतो, ते आपल्या वाचनालयाच्या वर्षाच्या वृत्तपत्रांच्या बिलाशी एकदा ताडून बघा.

जूमला २००५ पासून आहे. बहुभाषिक साइटला आजही ठीक, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सुचवत नाही, कारण जवळपास त्याचा जाणकार मिळणं अवघड झालंय.

घोस्ट हा लिहिणाऱ्यांचा सीएमएस. २०१३ साली आला. स्वच्छ, झपाझप, सभासदत्व आणि ईमेल वार्तापत्र आतच. दिवाळी अंक किंवा पाक्षिक चालवणाऱ्याला तो बघताक्षणी आवडतो. मात्र वर्गणी घेण्याची त्याची व्यवस्था स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेवर उभी आहे. आपला वाचक यूपीआयने पैसे देणारा. म्हणून भारतात तुम्हाला स्ट्राइपचं खातं मिळतंय का, हे आधी तपासा, घोस्टच्या प्रेमात नंतर पडा.

हेडलेस सीएमएस (स्ट्रापी, सॅनिटी वगैरे) म्हणजे मजकूर एकीकडे, दर्शनी भाग दुसरीकडे. मोबाइल ॲप आणि साइट दोन्हींना एकच मजकूर पुरवायचा असेल आणि पगारावर प्रोग्रामर असेल, तर विचार करा. नसेल तर पुढे चला.

देवनागरीची परीक्षा

परदेशी परीक्षणांत याचा उल्लेखही नसतो, आणि मराठी साइट अडते ती नेमकी इथेच. निवडलेल्या दोन-तीन सीएमएसची फुकट किंवा चाचणी आवृत्ती उघडा आणि पुढचं सगळं स्वतः करून बघा.

पत्ता. बातमीचं शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस त्यावरून वेबपत्ताही मराठीतच बनवतं. दिसायला छान. पण आत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ रोमन अक्षरांत साठवलं जातं, आणि या जागेची मर्यादा २०० अक्षरांची आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, आणि यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘सार्वजनिक वाचनालयाच्या’ या दोनच शब्दांत १९० जागा खर्च होतात! पुढचं ‘नव्या इमारतीचे भूमिपूजन’ पत्त्यात येतच नाही. शिवाय तो पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते आणि आजोबा विचारतात, ‘हे व्हायरसबियरस नाही ना?’ म्हणून सीएमएसमध्ये पत्ता हाताने बदलता येतो का आणि तो बदलायची जागा बाईंना सहज सापडते का, ते बघा. आम्ही रोमन लिपीत छोटा पत्ता लिहायची सवय लावली.

शोध. ‘ॲप’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: अख्ख्या ‘ॲ’ या एका चिन्हाने, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चीही तीच गत. मोबाइलच्या कीबोर्डवर टाइप केलेली बातमी ऑफिसच्या संगणकावरून शोधा. सापडली तर उत्तम. नाही सापडली तर निदान कळलं तरी, आणि मग सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा नियम करता येतो.

क्रम. लेखकांची यादी अकारविल्हे लावून बघा. बहुतेक यंत्रणा चिन्हांच्या संकेतांकांनुसार लावतात, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हे ‘झ’च्या आधी, ‘ज’च्या शेपटाला येतात. मराठी वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अगदी शेवटी, ‘ळ’च्याही नंतर. सामान्य साइटला फरक पडत नाही, पण ग्रंथपाल बाईंना पडतो. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ही चूक काढली होती.

थीम, म्हणजे साइटचा तयार पेहराव. डेमोत इंग्रजी मथळे देखणे दिसतात. तिथे मराठी मथळा टाका. पुष्कळ थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि मथळा दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर त्याच्याकडचा कुठला तरी फॉन्ट लावतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा गुगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ फुकट मिळतो. तो लावायला थीम परवानगी देते का, हाच प्रश्न. यादीत दिसणारा लेखाचा सारांश कुठे तुटतो तेही बघून घ्या. काही ठिकाणी शब्द मोजण्याऐवजी चिन्हं मोजतात आणि जोडाक्षर मधोमध कापून हलन्त लोंबकळत ठेवतात.

जुना मजकूर. संस्थेचे जुने अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीच्या आधीच्या, पद्धतीत असतील, तर ते कॉपी करून कुठल्याही सीएमएसमध्ये टाका, कचराच उमटणार. आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचे, मग डोळ्यांत तेल घालून तपासायचे. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा हमखास हलतात. हे काम खर्चाच्या अंदाजात वेगळं धरा. मुळात साइट बांधण्यापेक्षा याला जास्त वेळ लागू शकतो.

बाईंना खुर्चीत बसवा

आता उरलेले दोन उमेदवार घ्या आणि ज्यांचं नाव कागदावर लिहिलंय त्यांच्यासमोर ठेवा. तुम्ही मागे उभे राहा आणि, हे अवघड आहे, माउसला हात लावू नका.

आम्ही दिलेलं काम असं: काल झालेल्या कार्यक्रमाची शंभर शब्दांची बातमी, मोबाइलमधले तीन फोटो, एक पीडीएफ, आणि दुसऱ्या दिवशी शीर्षकातली एक चूक दुरुस्त करायची. बाईंनी बातमी फटाफट लिहिली. फोटोपाशी अडल्या. ‘सर, हा अधिक चिन्हाचा चौकोन म्हणजे काय?’ वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर आलेल्या लेखनपद्धतीत, प्रत्येक परिच्छेद आणि फोटो वेगळा ठोकळा असतो. हे पहिल्यांदा गोंधळात टाकतंच. दुसऱ्या बातमीला त्या अडल्या नाहीत. शेवटच्या बटणापाशी मात्र बोट थांबलं. ‘दाबलं आणि चुकलं तर?’

ही भीती खरी आहे. म्हणून मसुदा, पूर्वदृश्य आणि जुनी आवृत्ती परत आणण्याची सोय प्रत्यक्ष दाखवा. मुद्दाम एक परिच्छेद पुसा आणि परत आणा. ज्या सीएमएसमध्ये हे दोन क्लिकांत होत नाही तो माझ्या यादीतून बाद.

परवानग्याही याच वेळी ठरवा. रोज लिहिणाऱ्याला प्रशासकाचं खातं देऊ नये. वर्डप्रेसमध्ये ‘कॉन्ट्रिब्यूटर’ला फोटो चढवता येत नाहीत, हे ठाऊक नसल्याने लोक वैतागतात आणि सरसकट सगळ्यांना प्रशासक करून टाकतात. ‘ऑथर’ किंवा ‘एडिटर’ पुरेसं आहे.

खर्च तीन वर्षांचा मांडा

पहिल्या वर्षाचे दर म्हणजे मॉलमधला सेल. होस्टिंगचं नूतनीकरण बऱ्याचदा दुप्पट-तिपटीने महाग पडतं, आणि सशुल्क थीम-प्लगिनचे परवाने दरवर्षी भरावे लागतात. म्हणून तीन वर्षांची बेरीज करा: डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग, परवाने, युनिकोड रूपांतर, शिकवण्याचे दिवस आणि देखभाल.

देखभालीचा रकाना लोक रिकामा सोडतात. त्यांना मी ड्रुपलची एक रात्र सांगतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधलं एक गंभीर भगदाड जाहीर झालं, सोबत दुरुस्तीही दिली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ. पुढे ड्रुपलच्याच सुरक्षा पथकाने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच समजावं. म्हणजे पहाटे साडेचारपर्यंतची मुदत! वर्डप्रेस छोटी सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप बसवतं. ती सोय बंद करू नका. प्लगिन जितकी कमी तितकी झोप चांगली.

आणखी एक: आवृत्ती किती वर्षं टिकणार? ड्रुपल ७ चा आधार १४ वर्षांनी, ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. तिथून नव्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळजवळ नवी साइट बांधणं होतं. देखभालीच्या पैशांबरोबर अशा स्थलांतरासाठी थोडे बाजूला काढलेले बरे.

बाहेर पडायचा दरवाजा

करार करायच्या आधी बाहेर पडून बघा. चाचणी साइटवर दहा बातम्या टाका, निर्यात करा आणि ती फाइल दुसऱ्या रिकाम्या साइटमध्ये घाला. काय आलं, काय नाही? वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये मजकूर असतो, फोटोंचे फक्त पत्ते असतात, खुद्द फोटो नसतात. आयात करताना जुनी साइट चालू असेल तर ते ओढून आणता येतात. जुनी साइट आधीच बंद केली, तर गेले. म्हणून पूर्ण बॅकअप म्हणजे डेटाबेस अधिक फाइली, दोन्ही.

पेज बिल्डर (पानाची मांडणी करून देणारं प्लगिन) वापरणार असाल तर तो बंद करून पान उघडा. काही बिल्डर मागे चौकोनी कंसांचा ढिगारा सोडून जातात आणि त्यात तुमचा मजकूर वेचत बसावं लागतं.

आणि डोमेन. एका संस्थेचं डोमेन साइट बनवणाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेलं होतं. तो दुसऱ्या धंद्यात गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या बंद पडलेल्या खात्यात जात राहिली. पत्ता हातचा गेला, आणि दहा वर्षांची छापील पत्रकं त्या पत्त्यासकट रद्दीत. तेव्हापासून मी काम हाती घेतानाच अट घालतो: डोमेन, होस्टिंग आणि प्रशासकाचं खातं संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, आणि ओटीपीचा मोबाइल संस्थेचाच. पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट कपाटात, आणि कार्यकारिणी बदलली की कार्यभार सोपवण्याच्या यादीत किल्ल्या, शिक्के, चेकबुक यांच्याखाली त्या पाकिटाची एक ओळ, सहीसकट.